पहाटे पाचचं मैदान

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरमध्ये शिकलो आणि २४ वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून विश्रामबागला परतलो. काम काय, तर सकाळी पेपर आणि संध्याकाळी फेरफटका. त्या फेरफटक्यात रेल्वे रुळांलगत पोरं दिसायची. चौदा ते अठराची, शाळा सुटलेली, तोंडात मावा, कुणा ‘दादा’च्या मागंपुढं करणारी.

म्हटलं, यांची भरतीची तयारी करून घेऊ. पहिल्या दिवशी वीसजण आले. मी सेंटरमधल्या उस्तादासारखा ओरडलो, उशिरा येणाऱ्याला मैदानात लोळवलं. आठवड्यात चौघं उरले. रंगरुटाला जेवण, बिछाना, पगार असतो. ही पोरं उपाशीपोटी पळत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बायकोच्या आलं. ती उकडलेले हरभरे आणि गूळ-शेंगदाणे देऊ लागली, तशी पोरं परतली.

फौजेच्या भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारले, तर पूर्ण गुण. मावा खाणाऱ्याचा दम तिसऱ्या फेरीतच तुटतो. मग व्यसनावर व्याख्यान द्यावं लागत नाही.

त्यातला एक फार चांगला पळायचा. तोच यायचा बंद झाला. घरी गेलो तर म्हणाला, “काका, माझ्यावर केस आहे. आता पळून काय करू?” सतराव्या वर्षी मारामारीत नाव आलेलं. आता तुला कोण नोकरी देतंय, हे दादानंच त्याच्या डोक्यात भरवलेलं. मी त्याला वकिलांकडे नेलं. २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ त्यांनी वाचून दाखवलं. अठराच्या आतल्या गुन्ह्यामुळं पुढं अपात्र ठरवता येत नाही. अतिगंभीर गुन्ह्यात सोळा वर्षांवरच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालला, तर गोष्ट वेगळी. वकिलांनी बजावलं, फॉर्मवर खोटं लिहू नकोस आणि अठरानंतर हे कवच नाही. पोरगं बाहेर येऊन पायरीवर बसून रडलं.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचलाच हजर.

भरती मात्र झाला नाही. पळण्यात पास, लेखीत गेला. मला फार लागलं, खरं सांगतो. शिवाय २०२२पासून अग्निवीरांची चारच वर्षं, त्यातले २५ टक्क्यांपर्यंतच कायम होतात. म्हणून आता नवं पोरगं आलं की बूट बघायच्या आधी आयटीआयचा फॉर्म भरून घेतो. तो पोरगा तिथंच वायरमन झाला. त्याच्या कामाची वेळ नऊची, त्यामुळं पाचला मैदानावर घड्याळ धरायला तोच असतो. माझ्यापेक्षा जास्त ओरडतो.