पुढील शतक आणि पाण्याचा हिशेब
(सुवर्णमहोत्सव समारंभातील व्याख्यान)



संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होत असताना पुढील शंभर वर्षांचा विचार करणे उचित ठरते. नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या आठशे कोटींवर पोहोचली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार या शतकाच्या उत्तरार्धात ती हजार कोटींपलीकडे जाईल. २०२४ हे वर्ष औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीहून दीड अंशापेक्षा अधिक उष्ण ठरले. मानवाचे ज्ञान वाढले, आयुर्मान वाढले. वापराला मर्यादा मात्र राहिली नाही.

याची प्रचीती घेण्यास दूर जावयास नको. बालाघाटाच्या माथ्यावरील धाराशिव जिल्ह्याचे काही पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीकडे, तर काही सीना-बोरीतून भीमेकडे वाहून जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंडा भागात अतिवृष्टीने जमिनी खरडून गेल्या, पुरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. टंचाई आणि महापूर, दोन्ही एकाच पिढीने पाहिले.

कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेर परिसरातील लेण्यांची कथा आहे. पार्श्वप्रभूंच्या सिंहासनावर करकंड राजास एक गाठ दिसली. आतला झरा रोखण्यासाठी ती ठेवली आहे, असे वृद्ध शिल्पकाराने सांगितले. तरीही राजाने कुतूहलापोटी ती फोडविली आणि लेणे जलमय झाले. राजास पश्चात्ताप झाला. हाती सामर्थ्य आले म्हणजे ते वापरलेच पाहिजे, हा मोह जुनाच आहे; आज तो शेकडो फूट खोल विंधन विहिरींच्या रूपाने दिसतो.

पाणी गाळून घ्यावे आणि गाळण्यातील जीव त्याच जलाशयात परत सोडावेत, हा श्रावकाचा आचार आहे. ज्या विहिरीतून घेतले, तिचे देणे तिलाच द्यावे, हा त्यातील भाव पुढील शतकास उपयोगी पडणारा आहे. मंदिर, धर्मशाळा व पाठशाळेच्या छपरावरील पावसाचे पाणी आवारातील विहिरीत वा भूगर्भात मुरविणे हे त्याचेच आजचे रूप होय. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने याचा आरंभ करावा.

परंतु एवढ्याने भागणार नाही. अवर्षणग्रस्त मुलखात ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यास दोष देणे सोपे आहे. उसाला कारखान्याची खात्रीची उचल असते. तूर, हरभरा, ज्वारी पिकविणाऱ्यास बाजाराच्या लहरीवर राहावे लागते. आडत व व्यापारात असलेल्या समाजाने कमी पाण्याच्या पिकांना रास्त भाव व वेळेवर पैसे दिले, तर पाणी आपोआप वाचेल. यात नफ्याचा काही अंश सोडावा लागेल. परिग्रह-परिमाण व्रताची खरी कसोटी तेथेच आहे.

टंचाईत केलेली कपात ही सक्ती होय. विहीर भरलेली असताना स्वतः घातलेली मर्यादा हे व्रत होय. संस्थेचा शताब्दी महोत्सव साजरा करणारी मुले आज पाठशाळेत बसली आहेत. त्यांच्या विहिरीत पाणी राहील की नाही, हे आजच्या वडीलधाऱ्यांच्या मर्यादेवर अवलंबून आहे.