पांढऱ्या भुकटीची ओळख

श्रोतेहो, ज्वारीचे पीठ, चुना आणि पिठीसाखर अशा तीन पुड्या कंदिलाच्या उजेडात शेजारी ठेवल्या, तर घरची बाईदेखील क्षणभर थांबेल. मग ती बोट लावून चव बघेल. पोलिसांनी पकडलेल्या भुकटीची चव घेऊन कसे चालेल?

आपल्या सोलापुरास याचा अनुभव आहे. एप्रिल २०१६ मध्ये चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ठाणे पोलिसांना १८ टनांहून अधिक एफेड्रिन सापडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी सोलापूर जिल्ह्यातच कारखाना पकडला, तो मेफेड्रोनचा. दोन्ही भुकट्या पांढऱ्याच. पण एफेड्रिन औषधातही लागते. त्यावर सरकारचे नियंत्रण आहे इतकेच. त्याच्या गुन्ह्यास १९८५ च्या कायद्यात जास्तीत जास्त १० वर्षे शिक्षा. मेफेड्रोन ५० ग्रॅमच्या वर सापडले, तर कमीत कमी १० वर्षे! आणि पुडीत नुसताच खडू निघाला, तर माणूस घरी जायला हवा. तेव्हा नाव चुकून भागत नाही.

हे नाव सांगतात ते डोळ्यांना न दिसणारे किरण. इंद्रधनुष्यातल्या तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे ते असतात. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. पदार्थातले अणू जणू स्प्रिंगने एकमेकांना बांधलेले असून सारखे हलत असतात. नागपंचमीचा झोका त्याच्या लयीत रेटला तरच चढतो ना? तशी अणूंची प्रत्येक जोडी आपल्या लयीचाच किरण गिळते, बाकीचे सोडून देते. कोणते किरण गिळले गेले याची यंत्र एक रेघ काढते. मेफेड्रोनमध्ये कार्बन व ऑक्सिजन यांची दुहेरी बांधलेली जोडी असते. तिच्यामुळे रेघेवर १६९० या आकड्याजवळ खोल खड्डा पडतो. एफेड्रिनमध्ये ती जोडीच नाही, म्हणून तो खड्डाही नाही. मग सारी रेघ माहीत असलेल्या पदार्थाच्या रेघेशी ताडून पाहतात.

यंत्रातल्या लहानशा हिऱ्यावर चिमूटभर भुकटी दाबली की मिनिटा-दोन मिनिटांत काम होते. भुकटी जळत नाही, विरघळत नाही. कोणी हरकत घेतलीच तर तीच चिमूट पुन्हा तपासता येते. मात्र भुकटी कोरडी हवी, कारण पाणी हे किरण भलतेच पिते. शिवाय भेसळ असली की रेघांचा गुंता होतो, बाजारात चार माणसे एकदम बोलावीत तसा. अशा वेळी आधी पदार्थ वेगळे करावे लागतात आणि दुसऱ्या पद्धतीचीही साक्ष काढावी लागते. एकट्या यंत्राच्या शब्दावर कोणास तुरुंगात धाडू नये, असे मला वाटते.

गुरुजी, हे किरण विल्यम हर्शेल यांनी १८०० साली साध्या तापमापकांनी शोधले. तुमच्या शाळेतही ते होईल. स्वच्छ उन्हात लोलकाने कागदावर सात रंग पाडा. तापमापकाचा फुगा काळा करून तो तांबड्याच्या जरा पलीकडे, जिथे काहीच दिसत नाही तिथे ठेवा, आणि दुसरा तापमापक बाजूला सावलीत. मग दोन्हींचे आकडे मुलांनाच वाचू द्या.