बायबलांतील जातें

धर्मग्रंथ वाचतांना वाचकाचें लक्ष साहजिकच देवाच्या आज्ञांकडे, राजांच्या पराक्रमांकडे आणि संदेष्ट्यांच्या वाणीकडे लागतें. ज्या साध्या वस्तूंच्या आधारावर त्या काळच्या माणसांचा संसार उभा होता, त्या मात्र दृष्टीआड राहतात. बायबलांत अशा वस्तूंची वाण नाहीं. मातीचा दिवा, पाण्याचा घडा, खमीर, मोहरीचा दाणा, अंजिराचें झाड, ओझ्याचें गाढव, अशी ती लांबलचक यादी होईल. या यादींत दळणाचें जातें वरवर पाहतां अगदींच क्षुद्र ठरेल. परंतु इस्राएली लोकांच्या कायद्यानें या एका वस्तूला मनुष्याच्या प्राणाशेजारीं नेऊन बसविलें आहे. तें कां, हें समजून घ्यावयाचें तर प्रथम तें जातें कसें होतें हें पाहिलें पाहिजे.

जातें म्हटलें कीं मराठी श्रोत्यापुढें दोन वाटोळ्या तळी, वरच्या तळीचा खुंटा आणि पहाटेची घरघर हीं उभीं राहतात. जुन्या करारांतील जातें असें नव्हतें. पॅलेस्टाइनच्या प्राचीन वस्त्यांच्या उत्खननांत जीं जातीं सांपडतात, तीं पाट्या-वरवंट्याला अधिक जवळचीं आहेत. खालीं लांबट, मध्यें किंचित् खोलगट झालेला जड दगड. त्यावर भाकरीसारखा फुगीर, दोन्ही हातांत मावेल असा दुसरा दगड. दळणारी स्त्री गुडघे टेकून बसे, खालच्या दगडावर धान्य टाकी आणि वरचा दगड अंगाचा भार देऊन पुढें-मागें रगडी. हिब्रू भाषेंत जात्याचें नांव द्विवचनी आहे, कारण जातें म्हणजे दगडांची जोडी. त्यांतील वरच्या दगडाला जो शब्द आहे, त्याचें मूळ ‘स्वार होणें’ या क्रियेंत आहे. खालचा दगड वाहन आणि वरचा स्वार, अशी ती कल्पना. वाटोळें फिरणारें जातें त्या देशांत पुष्कळ नंतर, ग्रीक आणि रोमन अमलाच्या काळांत रूढ झालें.

यासाठीं उत्तम समजला जाणारा दगड म्हणजे गालील आणि त्याच्या पूर्वेकडील हौरान या प्रदेशांतील ज्वालामुखीचा काळा पाषाण. सह्याद्रीचे कडे ज्या जातीच्या दगडाचे आहेत, त्याच जातीचा हा दगड. तो कठीण असून खरखरीत असल्यामुळें झिजला तरी धान्य धरून ठेवतो. ईयोबाच्या ग्रंथांत एका प्रचंड जलचराच्या काळजाला जात्याच्या खालच्या दगडाची उपमा दिली आहे, ती या कठीणपणामुळेंच.

धान्य महिनोन्‌महिने टिकतें, पीठ टिकत नाहीं. म्हणून दळण रोजचें. रोज पहाटे घराघरांतून हा घर्षणाचा आवाज उठे, आणि तो उठला म्हणजे गांव जिवंत आहे असें समजावें. यिर्मया संदेष्ट्यानें देशावर येणाऱ्या विनाशाचें चित्र काढतांना जळणाऱ्या वाड्यांचें वर्णन केलें नाहीं. वधूवरांचा आनंदाचा स्वर, जात्याचा आवाज आणि दिव्याचा उजेड नाहींसा होईल, एवढेंच त्यानें सांगितलें. ऐकणाऱ्याला तेवढें पुरेसें होतें.

या आवाजामागें जे कष्ट होते त्यांची खूण हाडांवरही उमटली आहे. सिरियांतील अबू हुरैरा या अतिप्राचीन वस्तीचें उत्खनन १९७२ आणि १९७३ सालीं झालें. तेथें मिळालेल्या सांगाड्यांचा अभ्यास करतांना पायाच्या अंगठ्याचे सांधे, गुडघे आणि कमरेजवळचे मणके यांत झीज व विकृति आढळली. तासन्‌तास गुडघ्यांवर बसून दगड रगडल्याचा हा परिणाम होय, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनीं काढला. ती वस्ती बायबलच्या काळाहून हजारों वर्षांनीं जुनी. पण दगड तोच आणि बैठकही तीच.

असें काम ज्याच्या वांट्याला येई, त्याची पायरी समाजांत खालची असे. निर्गमाच्या ग्रंथांत सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या माणसाचा एकत्र उल्लेख करावयाचा, तेव्हां सिंहासनावरील फारो आणि जात्यामागील दासी अशी जोडी घातली आहे. पलिष्ट्यांनीं शमशोनाचे डोळे फोडून त्याला गज्जाच्या बंदिशाळेंत दळावयास बसविलें, त्यांत शिक्षेइतकाच अपमानही होता. सुमारें इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथांत पत्नीच्या कामांची गणना दळण्यापासूनच सुरू होते. आणि तिनें माहेराहून एक दासी आणली असेल तर दळणें, भाजणें व धुणें यांतून तिची सुटका होते, असें तेथें नमूद आहे.

परंतु याच क्षुद्र वस्तूनें एकदां एका राजाचा शेवट केला. शास्त्यांच्या ग्रंथांत अबीमलेखाची कथा आहे. आपल्या भावांना मारून तो राजा झाला होता. तेबेस नगर घेतल्यावर लोक बुरुजावर चढले आणि हा बुरुजाच्या दाराला आग लावावयास जवळ आला, तोंच एका स्त्रीनें वरून जात्याचा वरचा दगड त्याच्या डोक्यावर टाकला. वाटोळी जड तळी डोळ्यांपुढें ठेवली तर ही गोष्ट अवघड वाटते. दोन हातांत मावणारा वरवंट्यासारखा दगड लक्षांत घेतला म्हणजे ती सहज पटते. तो दगड तिच्या हाताच्या रोजच्या सवयीचा होता. बाईच्या हातून मेला असें कोणीं म्हणूं नये म्हणून अबीमलेखानें आपल्या शस्त्रवाहकाकडून स्वतःला मारून घेतलें. तरी पुढें दाविदाचा सेनापति यवाब याच्या तोंडीं ती गोष्ट येते, ती त्या स्त्रीच्या आणि तिच्या दगडाच्याच उल्लेखानें.

आतां कायद्याकडे वळावें. अनुवाद या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, कोणाचें जातें किंवा जात्याचा नुसता वरचा दगडही गहाण म्हणून घेऊं नये. कारण तें घेणें म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणें होय. वरच्या दगडाचा वेगळा निर्देश मार्मिक आहे. खालचा दगड जड. सावकार तो उचलून नेणार नाहीं. वरचा सहज काखेंत मारून नेतां येतो, आणि तो गेला कीं खालचा निरुपयोगी झाला. सावकाराच्या घरीं त्या दगडाला कांहीं किंमत नाहीं. ऋणकोच्या घरीं मात्र त्याच संध्याकाळीं मुलें उपाशी निजतात. ऋणकोला वांकविण्यास याहून स्वस्त साधन नाहीं, आणि म्हणूनच कायद्यानें तें सावकाराच्या हातून काढून घेतलें.

त्याच अध्यायांत आणखी नियम आहेत. गहाण घेण्यास सावकारानें घरांत शिरूं नये, बाहेर उभें राहावें. गरिबाचें पांघरूण घेतलें असेल तर सूर्य मावळतांना परत करावें. विधवेचें वस्त्र घेऊंच नये. हे नियम केवळ कागदावरचे नव्हते, गरिबाला त्यांची जाणीव होती, असें मानण्यास जागा आहे. १९६० सालीं भूमध्य समुद्राच्या कांठीं यावने-यामजवळच्या एका जुन्या किल्ल्यांत शाईनें लिहिलेलें एक खापर सांपडलें. तें ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या उत्तरार्धांतील आहे. त्यांत एक कापणी करणारा मजूर अधिकाऱ्याकडे दाद मागतो: ठरलेलें काम पुरें केलें, धान्य सांठविलें, तरीही होशायाहू नांवाच्या माणसानें वस्त्र हिरावून घेतलें, सोबतचे कामकरी साक्ष देतील, तें परत मिळावें. त्याला वस्त्र परत मिळालें कीं नाहीं, तें खापर सांगत नाहीं.

पुढें मिश्नाच्या शास्त्र्यांनीं जात्याचा नियम अधिक विस्तृत केला. जातें हें केवळ उदाहरण. अन्न तयार करण्याचें कोणतेंही साधन गहाण घेऊं नये, असा अर्थ त्यांनीं लाविला. हिंदुस्थानांतील १९०८ च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्याचें साठावें कलम पाहिलें तर तेथेंही ऋणकोचीं स्वयंपाकाचीं भांडीं, आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण, कारागिराचीं हत्यारें आणि शेतकऱ्याचीं औतें व लागणारीं गुरें जप्तींतून वगळलेलीं आहेत. दोन्ही कायद्यांचे उगम निराळे. पण कर्ज वसूल करण्यालाही एक मर्यादा आहे, हें दोघांनीं ओळखलें.

नव्या कराराच्या काळापर्यंत फिरतें जातें आलें होतें. दोघी बायका एका जात्यावर दळीत असतील, हा येशूचा दृष्टान्त मराठी श्रोत्याला समजावून सांगावा लागत नाहीं. कफर्णहूमच्या अवशेषांत काळ्या दगडाचीं जातीं पुष्कळ मिळालीं आहेत. बालकांना अडखळविणाऱ्याच्या गळ्यांत बांधावयाच्या ज्या तळीचा उल्लेख येशूनें केला, ती गाढवानें ओढावयाच्या मोठ्या जात्याची. आणि हें वचन उच्चारलें गेलें तें याच गांवीं.

हीं जातीं आतां संग्रहालयांत पडलीं आहेत. महाराष्ट्रांतही पिठाच्या गिरणीनें घरचें जातें कोपऱ्यांत बसविलें आणि बायकांच्या पाठीवरचें ओझें उतरलें, हें चांगलेंच झालें. परंतु प्रत्येक गरीब घरांत आजही अशी एखादी वस्तु असते, जी विकूं गेल्यास चार पैसे येत नाहींत आणि गेली तर चूल पेटत नाहीं. कोठें ती शिवणयंत्र असेल, कोठें हातगाडी, कोठें बैलजोडी. धनकोच्या हातून ती वस्तु राखणें म्हणजे माणसाचा जीव राखणें, एवढेंच त्या जुन्या आज्ञेचें सांगणें आहे.