अंतिम सामन्यापर्यंतची मजल

कोणत्याही खेळाचा इतिहास वाचतांना आपली दृष्टि प्रथम विजेत्यांच्या यादीकडे जाते. कोण जिंकला आणि किती वेळां जिंकला, एवढें पाहून आपण पुस्तक मिटतों. परंतु त्या यादीशेजारीं दुसरी एक यादी असते. ती अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचलेल्या संघांची. संघाची खरी पत ह्या दुसऱ्या यादींत अधिक दिसते. एखादा सामना दैवानें जिंकतां येतो. पण वर्षानुवर्षें शेवटच्या सामन्यापर्यंत मजल मारणें हें दैवाच्या हातचें नव्हे.

अमेरिकेंत फुटबॉल ह्या नांवाचा एक रांगडा खेळ आहे. लांबट चेंडू हातांत धरून प्रतिपक्षाच्या हद्दींत घुसावयाचें, असें त्याचें स्वरूप. तेथील व्यावसायिक संघांचा अंतिम सामना म्हणजे सुपर बोल. २०२५ अखेरपर्यंत न्यू इंग्लंड पेट्रियट्स हा संघ ११ वेळां तेथवर गेला व ६ वेळां जिंकला. बफेलो बिल्स हा संघ मात्र १९९१ ते १९९४ अशीं सलग चार वर्षें अंतिम सामन्यांत उतरला आणि चारही वेळां हरला. लोकांनीं त्याची थट्टा केली. पण सलग चार वर्षें तो सामना गांठणारा दुसरा संघ अद्याप निघालेला नाहीं.

आपल्याकडे ह्याच दृष्टीनें पाहण्यासारखी स्पर्धा म्हणजे रणजी करंडकाची. ती १९३४-३५ सालीं सुरू झाली. २०२५ पर्यंत मुंबईचा संघ ४८ वेळां अंतिम सामन्यांत उतरला व ४२ वेळां जिंकला. त्यांतहि १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीनें १५ वेळां. ह्याचें कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. आझाद मैदानावर एकमेकांस खेटून चालणारे सामने, शाळाशाळांमधील हॅरिस व जाइल्स ढाली, भर पावसाळ्यांत खेळली जाणारी कांगा लीग आणि कचेऱ्या-कारखान्यांच्या संघांची टाइम्स ढाल, ह्या पायऱ्यांनीं मुंबईचा मुलगा वर चढत गेला. अशा संघालाहि सहा वेळां हार खावी लागली. १९९१ सालीं वानखेडे मैदानावर हरियाणाविरुद्ध ३५५ धांवांचें लक्ष्य अवघ्या दोन धांवांनीं हुकलें, आणि १३९ धांवा काढून नाबाद राहिलेल्या दिलीप वेंगसरकरांना अश्रु आवरले नाहींत.

बंगालची कथा निराळी. २०२५ पर्यंत त्यानें १५ वेळां अंतिम सामना गांठला आणि विजय मिळाले दोनच. दिल्लीहि तितक्याच वेळां तेथवर पोहोंचली व सात वेळां जिंकली.

परंतु सर्वांत बोधप्रद उदाहरण इंदूरच्या होळकर संघाचें. १९४४-४५ ते १९५४-५५ ह्या अकरा हंगामांत तो दहा वेळां अंतिम सामन्यांत होता. त्यांपैकीं चार सामने त्यानें जिंकले. त्याचे कर्णधार सी. के. नायडू हे जन्मानें नागपूरचे. १९४५ च्या अंतिम सामन्यांत इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन ह्याच संघाकडून २४९ धांवा काढून नाबाद राहिला, तरी सामना मुंबईनेंच जिंकला. ह्या संघाचें वैभव राजाश्रयावर उभें होतें. संस्थान गेलें, आणि मागोमाग तो संघहि नाहींसा झाला.

आतां आपल्या विदर्भाकडे वळूं. पूर्वीं मध्यप्रांत व वऱ्हाड ह्या नांवाचा संघ रणजी स्पर्धेंत उतरत असे. विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ पासून खेळूं लागला, आणि पहिला अंतिम सामना गांठावयास त्याला तब्बल साठ वर्षें लागलीं. २०१७-१८ च्या हंगामांत चंद्रकांत पंडित प्रशिक्षक व फैज फजल कर्णधार असतां विदर्भानें उपांत्य सामन्यांत कर्नाटकास केवळ पांच धांवांनीं हरविलें. मग इंदूरच्या होळकर मैदानावरच दिल्लीशीं गांठ पडली. रजनीश गुरबानीनें लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन त्रिफळे उडविले आणि विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. त्या सामन्यांत पदार्पण करणारा आदित्य ठाकरे हा अकोल्याचा. पुढच्याच वर्षीं नागपुरास सौराष्ट्राचा ७८ धांवांनीं पराभव झाला.

२०२४ सालीं तिसरा अंतिम सामना वानखेडेवर मुंबईशीं झाला. ५३८ धांवांचें लक्ष्य पाहून दुसरा एखादा संघ हातपाय गाळून बसला असता. विदर्भानें ३६८ धांवा केल्या. कर्णधार अक्षय वाडकरनें शतक झळकाविलें. संघ १६९ धांवांनीं हरला, पण पांचव्या दिवसापर्यंत झुंजला. पुढच्या हंगामांत उपांत्य सामन्यांत त्याच मुंबईस त्यानें ८० धांवांनीं नमविलें, आणि केरळविरुद्धच्या अनिर्णित अंतिम सामन्यांत पहिल्या डावांतील ३७ धांवांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक मिळविला. त्या हंगामांत हर्ष दुबेनें ६९ गडी बाद केले. एका रणजी हंगामांत इतके बळी तोंवर कोणींच घेतले नव्हते.

चार अंतिम सामने आणि तीन विजय, हा हिशेब मुंबईपुढें लहानच आहे. परंतु २०२४ चा पराभव ह्या हिशेबांतून वगळला, तर २०२५ चा विजय नीट समजणार नाहीं. हरल्यावरहि संघ पुन्हां त्याच ठिकाणीं उभा राहिला, हीच त्याच्या मुळांची खूण होय. होळकरांच्या संघास आश्रय होता; मुंबईच्या संघास पायऱ्या होत्या. आश्रय एका दिवसांत जातो, पायऱ्या मात्र टिकतात.

त्या पायऱ्यांतील पहिली पायरी नागपुरास नसते. पातूर अकोल्यापासून सुमारें दहा कोसांवर. तेथील मुलगा खळ्यांत चेंडू फेंकतो, तेव्हां पहिली पायरी तीच. तालुक्याच्या सामन्यांत तो हरून घरीं आला, तर सुशिक्षित घरांतहि प्रश्न एकच विचारला जातो : जिंकलास कीं नाहीं? त्याऐवजीं, कुठवर पोहोंचलास, असें विचारणारीं घरें वाढतील, तर अंतिम सामन्यांच्या यादींत वऱ्हाडचीं नांवेंहि वाढतील.