लहान गाडीतला खर्ज



भोकरदनहून राजूरमार्गे जालन्याला जाणाऱ्या रस्त्यावर आज लहान गाड्यांची वर्दळ मोठी आहे. कोणी मिरचीची पोती घेऊन पिंपळगाव रेणुकाईच्या बाजाराला निघालेला असतो, कोणी घरची माणसं घेऊन राजूरच्या गणपतीला. गाडी आली की तिच्यात गाणं आलंच. आणि गाणं आलं की मालकाला वाटू लागतं, आवाज जरा भरदार हवा. मग सबवूफर आणि अँप्लिफायर ही जोडी घेण्याचा विचार सुरू होतो. ही जोडी जमवावी कशी आणि गाडीत बसवावी कशी, हे आज पाहू.

सबवूफरचं काम तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्याचं. गाण्यातला खर्ज, म्हणजे सेकंदाला साधारण 20 ते 80 कंपनांचा नाद, त्यानं सांभाळायचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, ती नाद खाली उतरावा म्हणून. पडदा जड झाला की तो सावकाश हलतो. सबवूफरचा पडदाही असाच मोठा आणि जड असतो, आणि त्याला हलवायला जोर लागतो. तो जोर अँप्लिफायर पुरवतो.

आता शिक्षक बंधुभगिनींना वर्गात सांगता येईल अशी एक गोष्ट. सेकंदाला 50 कंपनांच्या नादाची लहर हवेत जवळजवळ 7 मीटर लांब असते. लहान मोटारीची आतली लांबी दोन-अडीच मीटर. एवढी लांब लहर तिथं मावतच नाही. पडदा पुढे आला की आतली सगळी हवा एकदम दाबली जाते, मागे गेला की सैल होते. म्हणून काचा बंद असलेल्या लहान गाडीत खर्ज आपोआपच चढतो. अशा गाडीला 8 किंवा 10 इंची सबवूफर पुष्कळ झाला. आणखी एक पाहा. 150 वॅटच्या जागी 300 वॅट घेतले, तर आवाज फक्त 3 डेसिबलनं वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट! तेव्हा दुप्पट पैसे मोजून दुप्पट आवाज मिळेल, हा हिशेबच चुकीचा.

जोडी जमवताना दोन आकडे पाहायचे. पहिला वॅटचा. खोक्यावर ठळक अक्षरांत 1500, 2000 असं छापलेलं असतं. तो क्षणभराचा आकडा. बैल एकदा हिसका देऊन किती ओढतो याला मोल नाही. दिवसभर नांगर किती चालवतो ते विचारायचं. तसा सतत पेलण्याचा आकडा ‘आर. एम. एस.’ या अक्षरांपुढे बारीक टाइपात असतो. सबवूफरचा आणि अँप्लिफायरचा हा आकडा जवळजवळ सारखा असावा. अँप्लिफायर दुबळा असून त्याला ताणला, तर आवाज फाटतो आणि सबवूफरची तारगुंडी तापून जळू शकते.

दुसरा आकडा ओहमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा. काही सबवूफरांत 4 ओहमच्या दोन गुंडाळ्या असतात. त्या एकापुढे एक जोडल्या तर 8 ओहम होतात, शेजारी-शेजारी जोडल्या तर 2 ओहम. अँप्लिफायरवर ‘किमान 4 ओहम’ लिहिलेलं असेल आणि आपण 2 ओहमची जोडणी केली, तर प्रवाह बेसुमार वाढून तो तापतो. 8 ओहम जोडले, तर धोका नाही, पण जोर निम्म्याच्या आसपास उतरतो. म्हणून ओहम आधी विचारा, किंमत नंतर.

आता गाडीचा हिशेब. 300 वॅटचा अँप्लिफायर पूर्ण जोरात चालताना बॅटरीकडून सुमारे 400 वॅट घेतो, कारण काही शक्ती उष्णतेत जाते. इंजिन चालू असताना दाब असतो 14 व्होल्टच्या आसपास. 400 भागिले 14, म्हणजे जवळजवळ 29 अँपिअर. गाणं सतत पूर्ण जोरात नसतं, म्हणून सरासरी बरीच कमी भरते. तरीही दिवे, पंखे, इंजिन यांचं भागवूनच हे द्यायचं आहे. लहान पेट्रोल गाडीत पुष्कळदा 35 अँपिअर-तासांची बॅटरी असते. इंजिन बंद ठेवून दोन तास गाणी लावली आणि सरासरी 10 अँपिअर धरले, तरी निम्म्याहून जास्त बॅटरी संपली. मग वऱ्हाडी मंडळींना गाडी ढकलावी लागते!

बसवण्याच्या कामात सर्वात महत्त्वाची वस्तू सर्वात स्वस्त असते: फ्यूज. बॅटरीपासून निघालेली तार पत्र्याच्या भोकातून आत येते. गाडी खड्ड्यांतून हादरत राहते, धारेवर तार घासते, आवरण फाटतं आणि तार पत्र्याला टेकते. बॅटरी त्या क्षणी शेकडो अँपिअर ओतू शकते. तार लाल होते आणि गाडी पेट घेऊ शकते. मागच्या बाकावर लेकरं बसलेली असतात, हे ध्यानात ठेवा. म्हणून फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा. अँप्लिफायरजवळचा फ्यूज अँप्लिफायरला राखतो. बॅटरीपासूनच्या लांब तारेला राखत नाही. भोकात रबरी कडं बसवायचं. वर सांगितलेल्या हिशेबाला 8 गेजाची, म्हणजे सुमारे 8 चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची तार आणि 40 अँपिअरचा फ्यूज योग्य. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही मिळते. चाकूनं खरवडून पाहा. आत पांढरं दिसलं तर ती तेवढा भार घेणार नाही.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून ठेवायची. अर्थिंगची तार आखूड ठेवायची, आणि जिथं ती जोडायची तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करायचा. गाण्याची तार एका बाजूनं न्या, विजेची दुसऱ्या बाजूनं. नाहीतर इंजिनची घरघर गाण्यात मिसळते. सबवूफरची पेटी पक्की आवळा. अचानक ब्रेक लागला, तर दहा-बारा किलोची सुटी पेटी माणसावर येते. अँप्लिफायरला हवा लागू द्या. पोत्याखाली दडपू नका. शेवटी गाळणी 80 वर लावा. ‘गेन’ नावाची कळ आवाज वाढवण्यासाठी नसते, ती रेडिओ आणि अँप्लिफायर यांचं माप जुळवण्यासाठी असते. आवाज फाटू लागण्याच्या पुष्कळ अलीकडे ती थांबवावी.

आणि कानाचं काय? 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास ही मर्यादा धरली, तर 100 डेसिबलला ती अवघ्या पाव तासावर येते. कानातल्या ज्या पेशी मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत. शेजाऱ्याचाही विचार हवा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. शाळा आणि दवाखाने यांच्याभोवतीचा 100 मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र मानता येतो. खर्ज भिंतीतून सहज पार होतो. गाडी रस्त्यावर असली, तरी आजारी माणसाच्या खाटेपर्यंत तो पोचतो.

तर श्रोतेहो, मिस्त्रीकडे गाडी नेली की तीन प्रश्न विचारा. दोन्हींचा आर. एम. एस. किती? जोडणीनंतर ओहम किती? आणि बॅटरीजवळ फ्यूज कुठे आहे, दाखव बरं! तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय किल्ली फिरवू नका. चांगला डग्गा गाण्याला आधार देतो, गाणं झाकत नाही. गाडीतला खर्जही तसाच असावा: ऐकणाऱ्याला सुख देणारा आणि घरी सुखरूप पोचवणारा.