जीर्ण बंधारा : जीर्णोद्धार की विसर्जन?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा लेखी पाठ)



‘जीर्णोद्धार’ हा शब्द जैन समाजाला नवा नाही. नवे मंदिर उभारण्याच्या पुण्यापेक्षा जुन्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट आहे, असे परंपरा सांगत आली आहे. यात भक्तीइतकेच व्यवहाराचे शहाणपण आहे. नवे बांधताना उत्साह असतो, मिरवणूक असते, शिलेवर दात्याचे नाव कोरले जाते. जुने सांभाळताना मात्र केवळ कर्तव्यबुद्धी साथीला असते. म्हणूनच पूर्वाचार्यांनी सांभाळणाऱ्याच्या पारड्यात पुण्याचे माप अधिक टाकले असावे.

हाच प्रश्न आज मंदिराच्या आवाराबाहेर, नदीनाल्यांच्या काठी उभा आहे. 1972 च्या भीषण दुष्काळाच्या काळात आणि त्यानंतर महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामांतून पाझर तलाव व नालाबांध मोठ्या संख्येने झाले. पुढे गावोगाव कोल्हापुरी पद्धतीचे आणि सिमेंटचे बंधारे आले. वर्धा जिल्ह्यातील धाम, बोर, यशोदा, वणा या नद्यांच्या खोऱ्यांतही अशी बांधकामे आहेत. त्या काळातील बांधांनी आता पन्नाशी गाठली आहे. म्हणजे त्यांचाही सुवर्णमहोत्सवच म्हणावयाचा. परंतु कुठे भिंतीला भेगा, कुठे पाठीमागे गाळ, तर कुठे बाजूची काठाची माती वाहून जाऊन नाल्याने बंधाऱ्याला वळसा घातलेला. गावकरी दात्यांकडे येतात आणि म्हणतात, “बंधारा नवा बांधून द्या.” मंदिराच्या बाबतीत उत्तर ठरलेले असते. बंधाऱ्याच्या बाबतीत मात्र मार्ग तीन आहेत : दुरुस्ती, नवे बांधकाम किंवा तो काढून टाकणे. यांतील योग्य मार्ग निवडण्यासाठी विवेक लागतो आणि तो विवेक हाच या व्याख्यानाचा विषय आहे.

पाण्याविषयी धर्माची दृष्टी

जैन दर्शनात पाणी ही केवळ वस्तू मानलेली नाही. पाणी स्वतःच अप्कायिक जीवांचा देह आहे आणि त्याच्या आश्रयाने असंख्य त्रसजीव राहतात. पाणी गाळून पिण्याचा नियम घराघरांत पाळला जातो. त्याहून सूक्ष्म नियम असा की, गाळण्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत हळुवार परत सोडावेत. ‘जिवाणी’ची ही रीत ज्या आजी-आजोबांनी पाळली, त्यांना जलाशयाचे शास्त्र निराळे शिकवावे लागत नव्हते.

श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत सरोवर, डोह, तलाव यांचे पाणी शोषून ते कोरडे करण्याचा व्यवसायही गणला आहे. बांध फोडला की मागचा जलाशय रिकामा होतो आणि त्यातील मासे, कासवे, शिंपले उघड्यावर तडफडतात. म्हणून ‘काढून टाका’ असे सहज म्हणण्याचा अधिकार श्रावकाला नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. धर्माने हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात पाहिले आहे. भिंत झिरपते आहे हे दिसत असूनही ती तशीच उभी ठेवणे हा प्रमादच होय. 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील धरण फुटले आणि 20 हून अधिक माणसे प्राणास मुकली. ते धरण काही शतकानुशतकांचे नव्हते. एका पिढीच्या आतलेच होते. त्याच्याही आधी, 12 जुलै 1961 रोजी, पानशेत फुटून पुण्यावर जो प्रलय आला, तेव्हा तर धरणाचे काम पुरते संपलेलेही नव्हते. बांधकाम किती वर्षांचे आहे एवढ्यावरून ते सुरक्षित की धोकादायक, हे ठरत नाही; त्याची नित्य पाहणी होते की नाही, यावर ते ठरते.

गावचा बंधारा या धरणांच्या मानाने फारच लहान. तो फुटल्याने गाव वाहून जाईल असे सहसा होत नाही. परंतु खालच्या अंगाच्या शेतकऱ्याची काळी माती एका रात्रीत खरडून जाऊ शकते. 2022 च्या पावसाळ्यात वर्धा जिल्ह्याने अतिवृष्टी आणि पूर सोसला. वर्षभराचे पीक गेले तर पुढच्या वर्षी ते पुन्हा घेता येते; वाहून गेलेली माती मात्र त्या शेतकऱ्याच्या हयातीत परत येत नाही.

बंधारा म्हातारा कसा होतो

कोल्हापुरी बंधाऱ्याची रचना मुळात मोठी समंजस आहे. पात्रात ठरावीक अंतरावर खांब, खांबांना खाचा आणि त्या खाचांत बसणाऱ्या फळ्या, ज्यांना बर्गे म्हणतात. पावसाळ्यापूर्वी बर्गे काढावयाचे, म्हणजे पूर आणि पुराबरोबरचा गाळ निर्वेध निघून जातो. पाऊस सरला की ऑक्टोबरच्या मध्यास बर्गे पुन्हा घालावयाचे, म्हणजे उरलेला प्रवाह अडून गहू-हरभऱ्याला आणि काठच्या विहिरींना पाणी मिळते. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगा लावून मध्ये चिकणमाती ठासत; पुढे लोखंडी बर्गे आले. नदीशी वर्षातून चार महिने न भांडण्याचा हा करार आहे.

करार मोडतो तो माणसाकडून. बर्गे वेळेवर काढले नाहीत तर पुराचे पाणी कोंडते, गाळ बसतो आणि प्रवाह मऊ काठ पोखरून बाजूने वाट काढतो. बर्गे वेळेवर घातले नाहीत तर हिवाळ्यात बंधारा कोरडा. ते गंजतात, चोरीस जातात आणि मग खांब तेवढे उभे राहतात. अशा बंधाऱ्याला ‘निकामी’ ठरवून नवा मागणे म्हणजे कुलूप हरवले म्हणून घर पाडण्यासारखे आहे. त्याचे औषध दहापट खर्चाचे नवे बांधकाम नसून नवे बर्गे, ते ठेवण्यासाठी बंदिस्त जागा आणि ते घालण्या-काढण्याची जबाबदारी घेणारी चार नावे, एवढेच असते.

पक्क्या सिमेंट बंधाऱ्याचे दुखणे वेगळे. त्याच्या पाठीशी गाळ भरला की साठा संपतो. भिंत शाबूत, पण पाणी नाही. येथे प्रथम गाळ काढून पाहावा. हा गाळ म्हणजे वरच्या शेतांतून वाहून आलेली सुपीक मातीच असते आणि ती शेतात परत नेण्यासाठी 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही शासनाची योजनाही आहे. मात्र वरची माती अडवल्याशिवाय काढलेला गाळ पुन्हा भरणारच. आर्वी तालुक्यातील काकडदरा या गावाने 2017 मध्ये श्रमदानाने डोंगरउतारावर पाणी अडवून राज्यस्तरीय वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. पाण्याचा उपाय कित्येकदा नाल्यात नसून माथ्यावर असतो, हे या जिल्ह्यानेच दाखवून दिले आहे.

तिसरे दुखणे पायाचे. भिंतीखालून झिरप सुरू झाली, पाया उघडा पडला, किंवा काठ इतका कापला गेला की बंधारा पात्राच्या मधोमध एकटा उभा राहिला, तर वरवरच्या गिलाव्याने काही साधत नाही. अशा वेळी खरी निवड दोनच गोष्टींत उरते : नव्याने बांधणे किंवा काढून टाकणे.

अनेकांताची कसोटी

वस्तूला अनेक अंगे असतात आणि एका अंगाने पाहिलेले सत्य अपुरे असते, हे अनेकांताचे सार. बंधाऱ्याच्या काठी उभे राहिल्यावर ते डोळ्यांनी दिसते. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला तो विहिरीचे पाणी आहे. खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला तो अडलेले पाणी आहे. पलीकडच्या वस्तीला ती शाळेत जाण्याची वाट आहे. गुराख्याला पाणवठा, ढीवर-भोई कुटुंबाला चरितार्थ. मृगाच्या पावसात चढणीला लागलेल्या माशाला ती न ओलांडता येणारी भिंत. अभियंत्याला भेगांची नोंद, तर दात्याला शिलालेखाची जागा. यांतील कोणीही खोटे बोलत नाही. पण एकाचेच ऐकून निर्णय झाला तर तो इतरांवर अन्याय ठरतो.

शहराचाही यात वाटा आहे. महाकाळी येथील धाम प्रकल्पातून सोडलेले पाणी नदीपात्रातून येते, येळाकेळी आणि पवनार येथे उचलले जाते आणि वर्धा शहराच्या नळांना पोहोचते. अशा पात्रातील अडवण गाळाने भरली म्हणून काढून टाका, असे कोणी म्हणणार नाही. तेथे जीर्णोद्धारच हवा. उलट एखाद्या आडनाल्यावरील भिंत अशी असू शकते की, जिच्यामागे पाणी थांबत नाही, जिच्या आधाराने एकही विहीर भरत नाही आणि जी दरवर्षी पुराला शेताकडे वळवते. ती केवळ ‘आहे’ म्हणून ठेवणे हा बांधकामाविषयीचा मोह झाला. परिग्रह फक्त सोन्याचा नसतो.

या दोन्ही मार्गांची उदाहरणे इतिहासात आहेत. पुणे जिल्ह्यात भोर तालुक्यातील भाटघर येथे वेळवंडी नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरण झाले. नीरेच्या कालव्यांची गरज वाढली, तेव्हा त्याच्या खालच्या बाजूस 1920 च्या दशकात नवे मोठे धरण बांधण्यात आले आणि जुने धरण नव्याच्या पाण्याखाली गेले. जुन्याचे काम उरले होते, किंबहुना वाढले होते. म्हणून त्याची जागा नव्याने घेतली.

याउलट अमेरिकेतील मेन राज्यात केनेबेक नदीवरील एडवर्ड्स धरण 1837 मध्ये बांधले होते. ते 1999 मध्ये काढून टाकण्यात आले. ज्या कामासाठी ते बांधले त्याचे महत्त्व उरले नव्हते आणि माशांना वर जाण्यासाठी मार्ग करून देण्याचा खर्च धरण काढण्याच्या खर्चाहून अधिक भरत होता. धरण गेल्यावर समुद्रातून अंडी घालण्यास येणारे मासे दीडशेहून अधिक वर्षांनी त्या नदीत वर चढले. तो देश बारमाही नद्यांचा. विदर्भातील नाला दिवाळीनंतर आटतो. त्यामुळे तेथील उत्तर येथे जसेच्या तसे लागू पडणार नाही. तेथे विचारलेला प्रश्न मात्र लागू पडतो : या भिंतीचे काम अजून शिल्लक आहे काय?

काढावयाचा तर कसा?

विचारान्ती बंधारा काढण्याचे ठरलेच, तर त्यातही यतना हवी. ऐन पावसाळ्यात यंत्र लावून भिंत फोडली तर मागचा सारा गाळ एकाच लोंढ्यात खालच्या डोहांत आणि शेतांत जातो. म्हणून पाणी सर्वांत कमी असताना, उन्हाळ्यात, आधी गाळ काढून शेतकऱ्यांना द्यावा. उरलेले पाणी थोडेथोडे उतरू द्यावे. पाण्याबरोबर जीवांना खालच्या डोहाकडे जाण्यास वेळ मिळावा. जे अडकतील त्यांना उचलून तेथे सोडावे. ही मोठ्या प्रमाणावरची ‘जिवाणी’च होय. ज्यांच्या विहिरी त्या पाण्यावर होत्या त्यांची दुसरी सोय आधी व्हावी, भिंत नंतर हलावी. आरंभी हिंसा पूर्णतः टळत नाही. पण ती कमीत कमी व्हावी याची काळजी घेणे श्रावकाच्या हाती असते.

येथे कायद्याकडे पाहून निश्चिंत होता येत नाही. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना आणि 10 ते 15 मीटर उंचीच्या, काही अटींत बसणाऱ्या धरणांना लागू आहे. गावचा बंधारा त्या मापात येत नाही. म्हणून ज्यांच्या मालकीचा तो आहे त्या जिल्हा परिषदेच्या वा शासकीय विभागाच्या अभियंत्यांकडून तपासणी, लेखी परवानगी आणि ग्रामसभेचा ठराव या तीन गोष्टींशिवाय कोणत्याही दात्याने एक वीटही लावू नये आणि काढूही नये.

दानाचे खरे रूप

धर्मादाय संस्थेची कसोटी यापुढे लागते. नव्या बंधाऱ्याला निधी देणे सोपे, कारण त्याचे उद्घाटन होते. बर्गे घालण्याच्या मजुरीला निधी देणे कठीण, कारण त्याचे छायाचित्र निघत नाही. मंदिराच्या नित्य पूजेसाठी जैन समाजाने ध्रुवफंडाची पद्धत बसवली. मूळ रक्कम अबाधित राहते आणि व्याजातून दिवा तेवत राहतो. हीच पद्धत बंधाऱ्याला लावता येते. दानातील एक भाग बांधकामाला, दुसरा भाग ध्रुवफंडाला. व्याजातून दरवर्षी बर्ग्यांची देखभाल, गाळाची मोजणी, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी. ज्या बंधाऱ्याच्या निगेची तजवीज झालेली नाही, तो बांधूच नये, असा नियम संस्थांनी स्वतःस घालून घेतला तर पन्नास वर्षांनी पुढच्या पिढीपुढे हाच प्रश्न पुन्हा येणार नाही.

निर्णय कसा घ्यावा याचा आदर्शही धामकाठीच आहे. पवनारला राहणाऱ्या विनोबांच्या प्रेरणेने, भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण वर्षात, 1974 मध्ये ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सिद्ध झाला. जिनेंद्र वर्णींनी संकलन केले. पण ग्रंथ मान्य झाला तो निरनिराळ्या आम्नायांचे मुनी, आचार्य आणि विद्वान एकत्र बसल्यावर. शतकानुशतकांचे मतभेद असणारे एका ग्रंथावर एकमत होऊ शकले, तर एका नाल्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे शेतकरी एका भिंतीवर एकमत का होणार नाहीत? त्यांना एकत्र बसवणारा कोणीतरी हवा. सुवर्णमहोत्सवी ट्रस्टला याहून मोठे कार्य कोणते असेल?

पर्युषणानंतर श्रावक सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या सर्वांत अप्काय जीव आले, डोहातील मासा आला, आणि ज्याच्या शेतातून उद्या पूर जाणार तो खालचा शेतकरीही आला. बंधारा राखताना, नवा बांधताना किंवा काढताना त्यांची आठवण आधी झाली, तर नंतर मागावयाची क्षमा थोडी कमी होईल.

जय जिनेंद्र.