कांद्याला वारा, बायांना काय?

आम्ही लासलगावच्या खळ्यांवर कांदा निवडणाऱ्या बाया. आज गटातर्फे बोलतोय ते उकाड्याबद्दल.

एप्रिल-मे महिन्यात उन्हाळ कांद्याचा लिलाव झाला की माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर येतो. आम्ही रांगेनं बसून निवडतो. मोठा वेगळा, गोल्टी वेगळी, सडका बाहेर. डोक्यावर पत्रा. दुपारी खाली बसवत नाही, कुणाला भोवळ येते, कुणी दुसऱ्या दिवशी येतच नाही. मग शेठ म्हणतात, "बाया टिकत नाहीत, कामाशी कुणाला काही देणंघेणं राहिलं नाही."

आता कांद्याचे लाड बघा. चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, खालून वारा खेळायला हवा. रास फार रुंद नको, मधला कांदा गुदमरतो. वर कौलं घालावी, कारण पत्रा तापतो. कोंब फुटू नये म्हणून किरणांचा मारा करणारं भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' केंद्र आपल्या लासलगावात २००२ पासून आहे. आमची तक्रार नाही हो. कांदा सडला तर आपल्याच घरचं नुकसान. पण पत्रा तापतो हे कांद्यासाठी कळतं, मग बायांसाठी का कळू नये?

एसीसुद्धा आधी मालासाठीच निघाला. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंग सरकायचे. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरनं हवेतला ओलावा काढणारं यंत्र आखलं, ते त्या कागदासाठी. माणसांचा नंबर नंतर लागला. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू सांगायचे, सत्तेवर आल्यावर आपण आधी सरकारी कचेऱ्यांत एसी बसवले. काम होत नाही म्हणून त्यांनी नोकरांना नावं ठेवली नाहीत, हवेला ठेवली.

मग खळ्यावर एसी मागायचा का? नाही. खळं उघडं असतं, गार हवा निघून जाणार. बंद करावं तर कांदा खराब होणार. कूलर आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालतो, पण त्याची ओल कांद्याला सोसत नाही. म्हणून आम्ही चार साध्या गोष्टी मागितल्या. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात. बसायच्या जागी पंखे. राशीपासून लांब, विसाव्याच्या खोलीत कूलर. आणि काम उजाडताच सुरू करून भर दुपारी सुट्टी. या शेवटच्या मागणीवर आमच्यातच वाद झाला. गावातल्या बाया घरी जाऊन येतील, पण पिकअपनं खेड्यांवरून येणाऱ्यांनी दोनदा भाडं कुठून द्यायचं? त्यांच्यासाठीच विसाव्याची खोली.

पाचवी मागणी सांगायला बाया लाजत होत्या. संडास. जायला जागा नाही म्हणून बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. माठ भरलेला असला तरी काय उपयोग? घाम यायला पाणी लागतं, आणि घाम वाळला तरच अंग गार होतं. पंखासुद्धा त्या घामावरच काम करतो. आम्हाला विचाराल तर एसीपेक्षा संडास आधी.

शेठनी चुना लगेच मारला, तो स्वस्त पडतो. पंखे आले, मग खोली आणि संडास. कूलर अजून नाही. त्या हंगामात मेअखेरपर्यंत बहुतेक त्याच बाया येत राहिल्या. निवडीला सरावलेला हात सडका कांदा बोटानंच ओळखतो, रोज नवी बाई आली की गोणीत एखादा सडका जातोच, हे शेठनाही ठाऊक आहे.

एक गोष्ट राहिली आहे. भोवळ आली म्हणून बाई अर्ध्या दिवसात उठली, तर तिची मजुरी किती धरायची? सध्या शून्य धरतात. आम्ही निम्मी मागतोय. यंदा उन्हाळ कांदा यायच्या आधी बोलणी आहेत. तुमच्याकडे खळ्यावर, पॅकिंगला, द्राक्षाच्या शेडमध्ये काय पद्धत आहे ते आम्हाला कळवा, म्हणजे शेठपुढे सांगता येईल.